वरच्या थरातला कापूस : एका स्ट्रॅटेजी गेमच्या परीक्षणांवरून झालेला वाद

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात पाच जणांमध्ये एक वाद सुरू झाला आणि तो मृगाची पेरणी तोंडावर येईपर्यंत चालला. सिव्हिलायझेशन या स्ट्रॅटेजी गेमच्या सातव्या भागावर व्यावसायिक परीक्षकांनी लिहिलेली परीक्षणे कितपत विश्वासार्ह आहेत, आणि त्यांच्या भरवशावर आम्ही जमवलेली वर्गणी खर्च करावी की नाही, हा त्या वादाचा विषय होता. मी या पाचांपैकी एक असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वाद रंगत गेला तशी मी वहीत टिपणे ठेवू लागलो, कारण दर बैठकीत तेच मुद्दे नव्याने मांडले जात आणि आदल्या वेळी कोण कशाला कबूल झाला होता हे कोणालाच आठवत नसे. त्या टिपणांवरून हे प्रकरण लिहिले आहे.

आमची मांडणी आधी सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच निर्णायक ठरली. आमच्यापैकी एक जण कृषी सेवा केंद्र चालवतात आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, खतांच्या पोत्यांपासून थोडे दूर, एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक आहे. दुसरे हिंगणघाटला एमएस-सीआयटीचा वर्ग घेतात. मोठी डाउनलोड तिथल्या ब्रॉडबँडवर रात्रभर चालते आणि हार्डडिस्कमधून गावात येते. तिसरा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा पंचविशीतला विद्यार्थी आहे. चौथे एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक बंडीतला आणि ट्रॉलीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवण्याचे काम करतात. पाचवा मी.

पाच माणसे आणि एक संगणक, म्हणून आम्ही सिव्हिलायझेशनचा सहावा भाग ‘हॉटसीट’ पद्धतीने खेळतो. एकाने आपली पाळी खेळायची, उठायचे आणि त्याच खुर्चीवर दुसऱ्याने बसायचे. बुद्धिबळाप्रमाणे हा पाळीपाळीने खेळायचा खेळ असल्यामुळे वीज गेली तरी डाव जिथल्या तिथे जतन होतो आणि चार दिवसांनी तिथूनच पुढे चालतो. एक डाव आम्हाला संपूर्ण पावसाळाभर पुरला आहे.

सिव्हिलायझेशनचा पहिला भाग १९९१ साली सिड मायर यांच्या नावाने आला. अश्मयुगाच्या काठावर एक वस्ती वसवायची आणि शतकांमागून शतके पार करत तिचे राष्ट्र उभे करायचे, ही त्याची मूळ कल्पना पुढच्या सर्व भागांत टिकली. फिराक्सिस या कंपनीत नवा भाग करताना एक दंडक पाळला जातो असे तिथल्या रचनाकारांनी अनेकदा सांगितले आहे : एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे आणि एक तृतीयांश पूर्णपणे नवे आणावे. आमच्या वादात हा दंडक विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी काढला. चाहत्यांची तक्रार मुळात या नव्या तिसऱ्या हिश्शाविरुद्ध असते आणि परीक्षकांना दोष देणे हे केवळ निमित्त आहे, असे त्याचे म्हणणे होते. मला ते अर्धे पटले. दंडकात नव्या हिश्शाची नोंद आहे, परंतु त्या नव्यासाठी जागा करताना जुन्यातले काय बाहेर गेले याची त्यात नोंद नाही. नवे काय आले हे पहिल्या संध्याकाळी दिसते. गेलेले मात्र ज्याला ते लागत होते त्यालाच, आणि ज्या क्षणी लागते त्या क्षणीच जाणवते.

दुकानदार भाऊंची जुनी जखम

वादाला धार आणली ती कृषी केंद्रवाल्या भाऊंनी, आणि त्यांचा राग सातव्या भागापेक्षा पुष्कळ जुना होता.

मार्च २००९ मध्ये एम्पायर : टोटल वॉर हा गेम आला तेव्हा ते वर्ध्याला महाविद्यालयात शिकत होते. टोटल वॉर या दुसऱ्या स्ट्रॅटेजी मालिकेतील या भागात युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशी तीन रणक्षेत्रे आहेत, डाव १७०० सालापासून सुरू होतो, वर्षाला दोन पाळ्या मिळतात, आणि आपल्याकडच्या मुलांना भुरळ घालणारी गोष्ट म्हणजे मराठ्यांची सत्ता घेऊन खेळता येते. परदेशी स्ट्रॅटेजी गेममध्ये हिंदुस्थान म्हणजे बहुधा एखादा हत्ती आणि महात्मा गांधी एवढेच पाहायची सवय असलेल्या मुलांना सातारा नकाशावर पाहून काय वाटले असेल, हे भाऊ आजही सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. परीक्षणांनी या गेमला डोक्यावर घेतले होते. परीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ९० गुण आहेत.

भाऊंनी डाव मांडला, मुघलांशी आणि म्हैसूरशी झुंज घेतली, आणि मग कोकण किनाऱ्यावर किल्ले, तोफा आणि आरमार उभारून इंग्रजांची वाट पाहिली. ती वाट पाहण्यात त्यांची पन्नास-साठ वर्षे गेली, अर्थात खेळातली. इंग्रज आले नाहीत. येणे शक्यच नव्हते, कारण बाजारात आला त्या अवस्थेत या गेममधील संगणकाच्या हाती असलेल्या सत्तांना जहाजात सैन्य भरून परक्या किनाऱ्यावर उतरवता येत नव्हते. ही उणीव पुढे जाहीरपणे मान्य झाली आणि नंतरच्या दुरुस्तीत संगणकाला ते शिकवले गेले. अठराव्या शतकातील साम्राज्यांवरच्या, समुद्री युद्धाची मोठी जाहिरात झालेल्या खेळात समुद्रावरून आक्रमणच होत नाही, ही गोष्ट भाऊंनी वाचलेल्या परीक्षणात नव्हती. ते म्हणत, “नव्वद मार्क देनाऱ्यानं पन्नास वर्षं खेळून पाह्यलं असतं तं त्याले समजलं असतं.” त्या दिवसापासून परीक्षक विकले गेलेले असतात हे त्यांचे ठाम मत बनले, आणि सोळा वर्षांत ते हलले नव्हते.

हे उदाहरण मी इतक्या विस्ताराने मांडतो, कारण भाऊंच्या निष्कर्षाशी असहमत असूनही त्यांचे निरीक्षण मला अत्यंत मोलाचे वाटते. एम्पायरच्या लढाया देखण्या होत्या, नकाशा भव्य होता, जहाजांच्या झुंजी या मालिकेत पहिल्यांदाच प्रत्यक्ष खेळता येत होत्या, आणि हे सगळे पहिल्या काही तासांत दिसणारे होते. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते मात्र दिसायला फार काळ जावा लागतो. खेळाडूसमोर आलेली चूक लगेच लक्षात येते. न आलेला शत्रू लक्षात येण्यासाठी तो यायला हवा होता ही अपेक्षा आणि त्याची वाट पाहण्याइतका वेळ, दोन्ही हाताशी असावे लागतात.

आकड्यांनी बोलण्याचा प्रयत्न

एमएस-सीआयटीवाले सर आकड्यांचे माणूस. त्यांनी वाद सोडवण्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवायचे सुचवले : एक परीक्षकांची सरासरी, दुसरा स्टीम या विक्री मंचावर खरेदीदारांनी दिलेल्या अनुकूल मतांची टक्केवारी. सातव्या भागाच्या बाबतीत हे दोन्ही आकडे त्या फेब्रुवारीत एकमेकांकडे पाठ करून उभे होते. ११ फेब्रुवारी ही बाजारात येण्याची अधिकृत तारीख होती, महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना काही दिवस आधी खेळायला मिळाले, आणि त्याही आधी परीक्षणे प्रसिद्ध झाली होती. परीक्षकांची सरासरी ऐंशीच्या आसपास होती. स्टीमवर सुरुवातीला प्रतिकूल मतांचे पारडे जड होते आणि पुढे ते ‘संमिश्र’ या शेऱ्यावर आले. स्टीमचा ‘संमिश्र’ म्हणजे अनुकूल मते ४० ते ६९ टक्क्यांच्या दरम्यान, हे सरांनी फळ्यावर लिहून दाखवले.

भाऊंना वाटले, आता सिद्धच झाले. परंतु सरांनी याच बैठकीत एक गोष्ट पुढे केली, जिचे उत्तर भाऊंकडे नव्हते. परीक्षकांची सरासरी ऐंशीच्या आसपास असली तरी परीक्षक एकमेकांशी मुळीच सहमत नव्हते. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने १० पैकी ७ गुण दिले होते, युरोगेमर या दुसऱ्या संकेतस्थळाने ५ पैकी २ तारे दिले होते, आणि काहींनी भरभरून कौतुक केले होते. सगळेच विकले गेले असते तर एवढी फूट पडली नसती. शिवाय सिव्हिलायझेशनच्या चौथ्या भागाला मेटाक्रिटिकवर ९४, पाचव्याला ९० आणि सहाव्याला ८८ गुण असताना सातव्याची घसरण परीक्षकांच्या आकड्यांतही स्पष्ट दिसत होती. गेम बाजारात येण्यापूर्वी परीक्षणाची प्रत प्रकाशक कंपनी देते, परीक्षण कोणत्या तासाला प्रसिद्ध करायचे तेही तीच ठरवते, आणि उशिरा लिहिणाऱ्याला वाचक मिळत नाहीत. हे दडपण खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दडपणाखालचा माणूस आणि विकला गेलेला माणूस यांत फरक आहे, आणि तो फरक करायला भाऊंनी त्या रात्री प्रथमच तयारी दाखवली.

सरांच्या दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे खरेदीदारांच्या टक्केवारीवर, विद्यार्थ्याने बोट ठेवले. स्टीमवरील प्रत्येक मताशेजारी त्या व्यक्तीने किती तास खेळून ते लिहिले हे दिसते. पहिल्या आठवड्यात पाच-सहा तासांच्या खेळावर संतापून लिहिलेली मते त्याने एकामागून एक वाचून दाखवली. सातव्या भागात डाव प्राचीन, शोध आणि आधुनिक अशा तीन युगांत विभागलेला असून, बाजारात आला त्या अवस्थेत पुढच्या युगात जाताना आपली संस्कृती बदलावी लागत होती आणि नेता मात्र तोच राहत होता. अशोक हा नेता घेऊन मौर्यांपासून सुरुवात करणारा चोळांकडे आणि तिथून मुघलांकडे जाऊ शकतो. युग बदलताना चालू युद्धे थांबत आणि राजधानी वगळता मोठी शहरे पुन्हा लहान वस्त्या बनत. ज्याने अजून एकच युगांतर पाहिले आहे त्याने या संपूर्ण रचनेवर कायमचा निकाल द्यावा, हे परीक्षकाच्या घाईपेक्षा कोणत्या अर्थाने चांगले, हा विद्यार्थ्याचा प्रश्न बिनतोड होता. (चोळांनंतर मुघलच का, मराठे का नाहीत, यावर आमची एक पूर्ण संध्याकाळ खर्ची पडली. तो प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, पण परीक्षणांच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.)

चाहत्यांचा पहिला राग टिकतोच असे नाही, याचा पुरावा याच मालिकेत आहे. २०१० च्या सप्टेंबरात पाचवा भाग आला तेव्हा चौथ्या भागातील धर्म ही व्यवस्था त्यात नव्हती, षट्कोनी घरांच्या नकाशावर एका घरात एकच लढाऊ तुकडी ठेवण्याचा नवा नियम होता, आणि तो नियम संगणकाच्या हाती असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पेलत नव्हता. त्याच्या तुकड्या एकमेकींच्या वाटेत अडकून पडत. ९० गुण देणाऱ्यांवर जुने खेळाडू चिडले. पुढे २०१२ मध्ये गॉड्स अँड किंग्ज या विस्ताराने, म्हणजे मूळ गेमला जोडण्यासाठी वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भरीने, धर्म आणि हेरगिरी आणली, २०१३ मध्ये ब्रेव्ह न्यू वर्ल्डने व्यापारी मार्ग आणि विचारसरणी आणल्या, आणि नंतर त्याच पाचव्या भागाचे नाव घेऊन सहाव्याला नावे ठेवणारे चाहते आम्हीच होतो. मग २०१० सालच्या परीक्षकाचे ९० बरोबर होते का? माझे मत असे की नव्हते. त्याने ज्या वस्तूला गुण दिले ती वस्तू २०१० ची होती, आणि तिच्यातील प्रतिस्पर्धी लढू शकत नव्हता. तीन वर्षांनी विस्तार विकत घेतल्यावर ती सुधारली, याचे श्रेय जुन्या गुणपत्रिकेला देता येणार नाही.

रोम २ चे उदाहरणही सरांनी काढले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेला टोटल वॉर मालिकेतला हा भाग दोषांनी इतका भरलेला होता की आठवड्यामागून आठवडा दुरुस्त्या येत राहिल्या आणि वर्षभराने एम्पेरर एडिशन नावाने त्याची सुधारित आवृत्ती जुन्या ग्राहकांना विनामूल्य द्यावी लागली. मेटाक्रिटिकवर त्याचे गुण ७६ आहेत. एम्पायरचे ९० आणि रोम २ चे ७६ यांत परीक्षक शहाणे झाले असे म्हणावे, की रोम २ चे दोष पहिल्या तासातच अंगावर येणारे होते असे म्हणावे? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

ग्रेडरची कसोटी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाद इथे अडकला होता. ग्रेडर भाऊ हंगामाच्या गर्दीमुळे क्वचितच येत आणि आले तर ऐकत बसत. एका रविवारी त्यांनी एकच वाक्य उच्चारले आणि पुढच्या दोन महिन्यांची दिशा ठरली. “बंडीच्या वरचा कापूस पाहून भाव सांगतला त्यानं. मंधात हात घातलाच नाही.”

त्यांना काय म्हणायचे होते हे कापूस पिकवणाऱ्या गावात फोड करून सांगावे लागत नाही, पण प्रकरणाच्या पूर्णतेसाठी सांगतो. ट्रॉलीच्या वरच्या थरात बहुधा स्वच्छ वेचणीचा, उन्हात वाळलेला पांढरा कापूस असतो. ओलावा खालच्या थरात दडतो, आणि कवडी (किडका, डागी कापूस) किंवा फरदड (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा हलका कापूस) मिसळली असेल तर तीही मधल्या भागात असते. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांपुढचा कापूस घेत नाहीत. वरच्या मुठीवरून हे कळत नाही, म्हणून चांगला ग्रेडर तीन-चार ठिकाणी कोपरापर्यंत हात घालतो, बोंड हातात चोळून धागा ताणून पाहतो, मीटर खोचतो आणि मगच प्रत सांगतो. वरचा थर पाहून भाव सांगणारा ग्रेडर लबाडच असतो असे नाही. त्याच्यामागे साठ बंड्या उभ्या असतात.

परीक्षकाची स्थितीही अशीच आहे. नवा भाग हाती आल्यापासून परीक्षण प्रसिद्ध करायच्या तासापर्यंत त्याच्याकडे थोडे दिवस असतात, आणि हाती असलेली प्रतही बहुधा पूर्ण झालेली नसते. विक्रीच्या दिवशी दुरुस्ती येणार आहे असे त्याला सांगितलेले असते. सिव्हिलायझेशनचा एक डाव पंधरा-वीस तास सहज घेतो. एवढ्या अवधीत एक-दोन डाव पूर्ण होणे हीच मोठी गोष्ट आहे, आणि पहिला डाव नियम शिकण्यात जातो. डाव कोणत्या काठिण्यपातळीवर खेळला यालाही महत्त्व आहे. या मालिकेच्या पाचव्या आणि सहाव्या भागांत ‘प्रिन्स’ या पातळीवर खेळाडू आणि संगणक साधारण बरोबरीने असतात. तिथून वर संगणकाला उत्पादन आणि इतर बाबतींत वाढीव सवलती मिळतात, पण त्याची अक्कल वाढत नाही. ज्याने खालच्या पातळीवर आरामात डाव जिंकला त्याला प्रतिस्पर्धी कमकुवत आहे हे जाणवणारच नाही, कारण त्याची परीक्षाच झालेली नाही.

ग्रेडर भाऊंच्या वाक्यावरून आम्ही परीक्षणांना विचारायचे प्रश्न ठरवले. परीक्षकाने किती डाव शेवटपर्यंत खेळले ते सांगितले आहे का, कोणत्या पातळीवर खेळला ते सांगितले आहे का, संगणकाने त्याच्यावर केलेल्या एखाद्या हल्ल्याचे वर्णन आहे का, आणि आधीच्या भागात असलेले काय आता नाही याची नोंद आहे का. शाळेत मी उत्तरपत्रिका तपासतो त्याप्रमाणे आम्ही वाटून घेतलेली इंग्रजी परीक्षणे या प्रश्नांच्या आधारे वाचली. विद्यार्थी मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगे आणि मी टिपून घेई.

निष्पन्न काय झाले ते सांगतो. काही परीक्षकांनी खेळलेले तास स्वच्छ सांगितले होते, काहींनी नाही. नव्या युगांच्या रचनेवर जवळजवळ सर्वांनी विचारपूर्वक लिहिले होते, आणि पटावरची माहिती देणारी मांडणी अपुरी आहे हा दोष अनेकांनी स्पष्ट दाखवला होता; म्हणजे परीक्षक आंधळे नव्हते. प्रतिस्पर्धी कसा लढतो यावर मात्र बहुतेकांनी एखादे विशेषण वापरून पुढचा परिच्छेद गाठला होता. ज्या परीक्षणात सर्वांत कमी गुण होते ते आमच्या कसोटीवर सर्वांत चांगले ठरले नाही, आणि सर्वांत जास्त गुणांचे सर्वांत वाईटही ठरले नाही. भाऊंना हे मान्य करायला जड गेले, पण त्यांनी मान्य केले. त्यांच्या हाताखालून गेलेले एक भरभरून कौतुक करणारे परीक्षण इतके तपशीलवार होते की ते वाचून गेम घेऊ नये असा निर्णय आपण घेऊ शकतो, असे ते स्वतःच म्हणाले. मला ही त्या परीक्षणाची सर्वांत मोठी प्रशंसा वाटते : ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याच्या लिखाणातूनही आपल्याला आपला निर्णय घेता आला.

हॉटसीट

चौथ्या प्रश्नावर, म्हणजे आधीचे काय गेले यावर, वाचता वाचता सर मध्येच थांबले आणि त्यांनी विचारले की यात हॉटसीट आहे ना? कोणालाच माहीत नव्हते. सहाव्या भागात होते, म्हणून सातव्यात असणारच, हे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. वाटून घेतलेली सगळी परीक्षणे पुन्हा चाळली; एकातही त्याबद्दल ओळ सापडली नाही. शेवटी विक्रीच्या पानावरील सुविधांची यादी पाहिली. बाजारात आला तेव्हा सातव्या भागात हॉटसीट नव्हते.

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. महिनाभर आम्ही युगांतरे, गुण, टक्केवारी आणि परीक्षकांची नीती यांवर भांडलो होतो, आणि ज्या एका सोयीवर आमचे पाच जणांचे खेळणे उभे आहे ती तिथे नाही हे पाचव्या आठवड्यात कळले. वर्गणी आम्ही घाईने खर्च केली नव्हती हे केवळ भाऊंच्या जुन्या संशयामुळे, आणि त्यांचा संशय चुकीच्या कारणासाठी असला तरी त्याने आमचे पैसे वाचवले. खरेदी केली असती तर परताव्याचाही उपयोग झाला नसता. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे मागता येतात; आम्हा पाच जणांच्या पहिल्या बैठकीत दोन तास तर नुसते पडदे पाहण्यातच गेले असते.

इथे परीक्षकांचा दोष किती? विद्यार्थी म्हणाला, शून्य. यादीत लिहिले होते, आपण वाचायला हवे होते. भाऊ म्हणाले, सगळा. मी यावर बराच विचार केला आहे. परीक्षक आपल्या घरी, आपल्या संगणकावर, एकट्याने खेळतो. त्याच्या ओळखीचे लोकही तसेच खेळतात. एकाच खुर्चीभोवती पाच जण पाळी लावून बसतात हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून ती सोय गेली हे त्याच्या ध्यानात येत नाही. यात दुष्टावा नाही. पण पुढच्या भागाचे परीक्षण करणे म्हणजे मागच्या भागाशी तुलना करणे हे एकदा मान्य केले, तर मागच्या भागातील मेनू उघडून एकेक ओळ ताडून पाहणे हे कामाचा भाग आहे आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. ते न करणे हा कामातला कमीपणा आहे असेच मी म्हणेन, मग ते परीक्षण कितीही सुंदर लिहिलेले असो.

एप्रिलमध्ये विद्यार्थी नागपूरला चुलतभावाकडे राहिला आणि त्याच्या संगणकावर त्याने सातव्या भागाचे तीन डाव शेवटपर्यंत खेळले. परत आला तो प्रसन्न होऊन. सहाव्या भागात आपण पुढे गेलो की शेवटचे दीडशे पाळ्यांचे ओझे नुसते ओढत न्यावे लागते आणि म्हणून बहुतेक डाव अर्धवट सुटतात. नव्या युगांच्या रचनेमुळे ते ओझे हलके होते, असा त्याचा अनुभव होता. हा बदल नेमका त्याच हेतूने केला असल्याचे रचनाकारांनी सांगितले होते, आणि कौतुक करणाऱ्या परीक्षकांनीही हेच लिहिले होते. म्हणजे एकट्याने खेळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते परीक्षण खरे होते आणि एका खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा पाच जणांसाठी अपुरे होते. सरासरीचा आकडा या दोन वाचकांना एकच उत्तर देतो. माझा आकड्यांना असलेला विरोध एवढाच आहे, आणि या प्रकरणाने तो अधिक पक्का केला. मेटाक्रिटिक तर कोणत्या परीक्षकाच्या गुणाला किती वजन दिले हेही उघड करत नाही.

भाऊंनी विद्यार्थ्याला विचारले, “संगनकानं तुह्यावर समुद्रातून हल्ला केला का?” विद्यार्थ्याने वही उघडली. तिसऱ्या डावात, शोधयुगात, दोनदा केला होता, आणि दुसऱ्या वेळी एक वस्ती गेली होती. त्याने पाळीचा क्रमांकही टिपून ठेवला होता. भाऊंनी ते पान दोनदा वाचले.

मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत ठरले ते असे. वर्गणी परत वाटायची नाही. ती दुकानाच्या गल्ल्यात वेगळ्या पाकिटात राहील. सहाव्या भागाचा चालू डाव पुढे न्यायचा. सातव्या भागाच्या दुरुस्त्यांवर सरांनी लक्ष ठेवायचे आणि हॉटसीट आल्याचे यादीत दिसले तर कळवायचे. विद्यार्थ्याने त्याच्या तीन डावांवर मराठीत परीक्षण लिहायचे, त्यात पातळी, डावांची संख्या, झालेले हल्ले आणि गेलेल्या सोयी आरंभीच नोंदवायच्या, आणि गुण द्यायचे नाहीत. ग्रेडर भाऊंनी ते वाचून कुठे हात खोल घातला नाही ते सांगायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकीच्या बियाण्याची पाकिटे दुकानात आली आणि मागच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. विद्यार्थ्याचे परीक्षण सात पानांचे झाले आहे. ग्रेडर भाऊंनी चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने खूण केली असून तिथे लिहिले आहे : दुसऱ्या डावाबद्दल काहीच नाही, तो डाव कसा हरला?